वजन उचलायचं नाही

उमरग्याच्या एका दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. सोलापूरचे सर्जन तपासायला येणार होते. छातीचा आकार कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी दोघींनाही करायची होती. ती चाळिशीची, मुरुमकडची. बोलताना सारखा पदर पुढं ओढायची, मग आतल्या पट्टीनं खांद्यावर पडलेला वळ चोळायची. खुरपायला वाकलं की मान-पाठ धरते, म्हणाली.

मला भुलीची आणि व्रणांची धास्ती होती. तिला वेगळीच होती.

"ताई, नंतर वज्जं उचलायचं न्हाय म्हणत्यात. खरं हाय का?"

"हो, काही आठवडे. घरी कुणी पाणी भरेल ना?"

"जाऊ भरंल. पण बाई कळशी उचलंना म्हणलं की गाव एकच अर्थ काढतंय." तिची बोटं मोकळ्या गळ्यावर फिरत राहिली. "अन् मालक जाऊन लई दिस झालं."

मला एवढंच सुचलं, "पाठीचं ऑपरेशन झालं म्हणा."

"भेटायला आलेल्या बाया पाठ उघडून टाकं बघत्याल की."

तेवढ्यात नर्सनं तिला हाक मारली. तिनं पदर ओढला आणि खालमानेनं मला म्हणाली, "तुमीच जावा आधी."