काय गेलं ते नीट सांगा

आमच्या साडूंइतका रागीट माणूस अख्ख्या केज तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो यांच्याशी एकदा बोलून तसा झालेला असेल. मलाही त्यांचा राग येतो, नुसतं नाव निघालं तरी येतो. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून तोंड मिटून घ्यायचं. त्यांच्यासमोर 'नेट गेलं' म्हणायची सोय नाही. "काय गेलं? रेंज गेली, का डाटा संपला, का स्पीड पडला? गुरांच्या डाक्टरला नुसतं 'म्हैस बिघडली' म्हणून सांगता का?" रेंज म्हणजे टॉवरपासून आपल्यापर्यंतची वाट, डाटा म्हणजे त्या वाटेवरचा माल आणि मोडेम म्हणजे तो माल वाहणारी गाडी, हे त्यांनी मला पंगतीत ऐकवलंय, पोळ्याला ऐकवलंय आणि एका मयतीत सरण पेटायच्या आत ऐकवलंय. त्यांची गाडी म्हणजे पेनड्राइव्हएवढं एक जुनं डोंगल. त्याच्या पोटात सिम घालून ते लॅपटॉपला खुपसायचं. एरवी ते दस्तीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात असतं. केजचा एक दुकानदार "हे आता कोण वापरतं?" म्हणाला, तर "बाप जुना झाला म्हणून बदलला का बे?" असं त्याला विचारून आले.

पण खरा संताप त्यांनी मला आणला तो माझ्या धाकटीच्या लग्नात, युसूफ वडगावला. थोरली लेक जावयाबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली, ती दिवस भरायच्या आतच तिकडं बाळंत झाली. तिचं येणं शक्यच नव्हतं. धाकटीला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. "आक्काला दिसत नसंल तर मी पाटावर उभी ऱ्हाणार न्हाई," म्हणून धाकटी अडून बसली. साडू म्हणाले, "आक्काला अक्षदा दाखवायची जिम्मेदारी माझी." त्यांनी मांडवात उंच बांबू रोवून त्याच्या टोकाला डोंगल बांधलं आणि लांब वायरनं खाली लॅपटॉपला जोडून थोरलीला व्हिडिओ कॉल लावला. अंतरपाट धरला आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरचं थोरलीचं तोंड थिजलं. भटजी पहिलं मंगलाष्टक उचलणार, तोच साडूंनी त्यांच्या हातातला माइक हिसकावला. "थांबा! समद्यांनी मोबाइलचा डाटा बंद करा! टॉवर एक हाय, आन् तुमी समदे एका टायमाला लाइव करायलाव!"

अख्खा मांडव मोबाइल हातात धरून त्यांच्याकडं बघायला लागला. एक पुढारी स्वतःचंच आगमन लाइव दाखवत होते. साडू त्यांनाच म्हणाले, "सायेब, तोंड उद्या दावा की, कुठं पळून चाललंय का?" व्याही लालबुंद होऊन मला म्हणाले, "ह्यो माणूस कोण हाय?"

"आमचा कुनी न्हाई," मी म्हणालो, आणि जाऊन साडूंची बंडीच धरली. "पाव्हणं, भर मांडवात माझी लाज काढली! कावून असं करायलाव?"

"लाजंचं मागून बघू. आदी डाटा बंद करा."

दातओठ खात मी माझा बंद केला. लोकांनीही शिव्या घालत बंद केले. आणि पडदा हलला. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत थोरली बसलेली, मांडीवर बाळ, मुठीत तांदूळ. भटजींचं 'सावधान' झालं तसे तिनं ते समोरच्या मोबाइलवरच टाकले. साडूंनी माइक लॅपटॉपला लावला होता, त्यामुळं त्या दाण्यांची टपटप सगळ्या मांडवानं ऐकली. धाकटी रडली, मी रडलो, व्याही डोळे पुसायला लागले. साडू तेवढे बांबूला मिठी मारून, "हलू नका बे कुनी!" म्हणून ओरडत होते.

आता गावात घरोघर वायरचं नेट आलंय. साडूंना कुणी काही विचारत नाही. परवा मी मुद्दाम फोन करून म्हणालो, "साडूभाऊ, नेट गेलंय."

"येईल की," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "येईल की काय? काय गेलं ते इचारा की! रेंज गेली, का डाटा संपला?"

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. फोन तुटला असेल म्हणून बघितलं, तर रेंज पूर्ण होती.