खडूचं वर्तुळ

आज नातीच्या पाटीवरचा खडू बोटांना लागला आणि खोपट भागातलं गॅरेज आठवलं. हे गेल्यावर त्यांची जुनी क्रूझर बाईक विकायची ठरवलेली, पण मागचं चाक डुलत फिरायचं.

म्हात्रे मिस्त्री म्हणाले, “बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? एक खडू द्या बघू.”

माझ्या पर्समधला तुकडा त्यांनी फिरत्या रिमजवळ धरला. एकाच जागी पांढरी रेघ उमटली. ती पुसायची, तिथले स्पोक आवळायचे, चाक पुन्हा फिरवायचं. दुपार सरता सरता खडू सगळीकडून सारखा टेकला.

“आता विका खुशाल.”

मी विकली नाही, चाळिसाव्या वर्षी चालवायला शिकले.

जन्मभर भूमिती शिकवली मी. फळ्यावर तेवढं गोल वर्तुळ एकदाही जमलं नाही.