दूर गेलेला कळप

शहरातल्या प्रदर्शनात लोकरीच्या वस्तूंच्या गाळ्यावर हौसाबाई बसल्या होत्या. पूर्वी त्यांच्या मेंढ्यांची लोकर कुणी घेत नसे, कातरली की बांधावरच टाकून द्यायची. आता गावातल्या बायका मिळून ती धुतात, पिंजतात, तिची आसनं करतात आणि स्वतःच विकतात. मी एक काळंभोर आसन उचललं.

"रंगवलेलं नाही ताई. आमच्या मेंढ्याच तशा."

"कुठं असतात त्या?"

"कोकणाकडं गेल्यात, मालकांबरोबर. दरसाल मीपण जायची. घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं नि चालायचं. औंदा या कामापायी मागं राहिले." मग समोरची आसनं सारखी करत म्हणाल्या, "बरं चाललंय. लेक एकाच शाळेत टिकलीय. पण झोप लागत नाही. घर लई शांत असतं."

चालणं थांबावं म्हणून माणूस धडपडतो, आणि थांबल्यावर पाय वाटेकडेच ओढ घेतात.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. जेवणाखाण्याची चौकशी झाली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आता जरा त्यांच्याकडं धरा की."

फोन कानाशी घट्ट दाबून त्यांनी डोळे मिटले. पलीकडचं बें-बें मलाही ऐकू आलं. त्यात एक आवाज फार कोवळा होता.

"कोकरू झालं? कुणाला?" त्यांनी विचारलं.

एक गिऱ्हाईक आसनाची किंमत विचारत होतं. मी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.