माझ्या नावावरचं ऑपरेशन

नणंदेचं ऑपरेशन माझ्या नावावर झालं, तेव्हा मी घरी भाकऱ्या थापत होते.

नणंद नवऱ्याने टाकलेली, बुवापाड्यात आमच्याकडेच राहायची. डॉक्टरांनी तिची गर्भाची पिशवी काढायला सांगितली होती. आमचे हे अंबरनाथच्या कंपनीत. पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, म्हणून विम्याच्या दवाखान्यात सगळं फुकट. पण बायको, मुलं, आईबाप यांनाच, बहिणीला नाही. कार्डावर फोटो नव्हता, नुसतं नाव नि वय. आळीत असं कार्ड बरेच जण फिरवायचे, कुणाला त्यात पाप वाटत नसे. सासूबाई म्हणाल्या, "दोघी एका वयाच्या. कोण बघतंय?" हे म्हणाले, "तुझं काय जातंय?" मी मान हलवली. माझं काही जात नव्हतं, असंच मलाही वाटलं.

नणंद तिथे माझ्या नावाला ओ द्यायला शिकली. घरी आल्यावर हसून सांगायची, "वहिनी, तुझ्या नावाने नर्स मला ओरडली गं!"

दोन-अडीच वर्षांनी माझं अंगावरून जाणं थांबेना. महिन्यातले वीस-वीस दिवस. नळावरून कळशी आणताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एक दिवस कार्ड घेऊन एकटीच विम्याच्या दवाखान्यात गेले. इतकी घाबरले होते, की मागचं काही ध्यानातच आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले.

"अहो, तुमची पिशवी काढलेली आहे. रक्त कुठून जाईल?"

मी टेबलावरचं कार्ड उचललं.

"झोपा तिथे. बघू दे पोट."

माझ्या पोटावर टाक्यांची खूण नव्हती, बघितलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. "पोर घरी एकटं आहे," असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडले.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. "खरं बोललीस तर माझी नोकरी जाईल. तिथे परत पाऊल टाकायचं नाही." नणंद ताटावरून उठून गेली. तिचा मला राग नाही आला. तिचंही दुखणं खरंच होतं.

मग उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात दोनदा गेले. रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळाल्या. ऑपरेशन करायचं तर तपासण्या बाहेरून करून आणा, रक्ताचीही सोय करा, म्हणाले. हे म्हणाले, "बोनस होऊ दे." बोनस झाला, आणि घराचे पत्रे बदलले.

त्याच सुमारास एक बाई फॉर्म घेऊन दारात आली. विम्याचा लोकांना किती उपयोग होतो, औषधपाण्याला खिशातून किती जातं, याची सरकारी पाहणी चाललीय म्हणाली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ताई, घरात कुणाचं मोठं आजारपण?"

सासूबाई आतूनच बोलल्या, "हिचंच की! पिशवीचं ऑपरेशन झालं, एक पैसा लागला नाही. विमा म्हणजे देव बघा."

बाईने लिहून घेतलं. मग मलाच म्हणाली, "आता काही त्रास?"

तांदूळ निवडणाऱ्या नणंदेचे हात थांबले. मी कापडाची जाड घडी घेऊन बसले होते. उठले तर पाटावर डाग दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

"नाही," मी म्हणाले.

बाई पाणी पिऊन गेली. सासूबाई म्हणाल्या, "नीट बोललीस." नणंद पुन्हा तांदूळ निवडू लागली. त्यानंतर सहा वर्षांनी माझं अंगावरून जाणं आपोआप थांबलं. तोवर मी कुठल्याच दवाखान्यात गेले नाही.