पाहुण्यांच्या आधी आलेलं तबक

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, त्या व्याख्यान समितीतल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण हे मनात घेऊन फिरायचा आता कंटाळा आलाय. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द नको — कंटाळाच.

आमच्या रोह्यात दरवर्षी थंडीत एक दिवस व्याख्यानांचा असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत — चित्रकला, संगीत, भाषा, विचार, जे जमेल ते. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात. शेवटचं भाषण मुंबईच्या पाहुण्यांचं. आणि मुंबईचे पाहुणे म्हणजे वडखळ! तिथल्या वाहतुकीत अडकले नाहीत असे पाहुणे आम्ही तरी पाहिलेले नाहीत. म्हणून एक सोय करून ठेवलेली — ते येईपर्यंत गावातल्या कुणीतरी बोलायचं. समितीतला प्रमोद, ज्याचं औषधांचं दुकान आहे, तो फोन घेऊन दारात उभा राहायचा. गाडी वडखळहून सुटली, गडब गेलं, नागोठणं आलं, असे निरोप. गाडी दारात आली की मी शाल-श्रीफळाचं तबक घेऊन व्यासपीठावर चढायचे. तबक दिसलं की बोलणाऱ्याने वाक्य आवरायचं आणि खाली उतरायचं. कुणाला त्यात अपमान वाटत नसे. वाटत असला तरी कुणी बोललं नाही — आणि आम्ही तरी कुठे विचारलं?

त्या वर्षी ही जागा मी रझियाला दिली.

रझिया माझ्याच शाळेत भूगोल शिकवायची. गावालगतच्या वरसेला राहते. तिचा नवरा, हमीदभाई, उभी हयात कुवेतला. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्यांच्या घरातून त्याला कॅसेट जायच्या. फोन महाग, पत्र लिहायचा सगळ्यांनाच आळस. मग टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून सगळं घर बोलायचं, आणि जो कुणी कुवेतला निघालाय त्याच्या बॅगेत कॅसेट टाकायची. रझिया हे इतकं रंगवून सांगायची की मीच म्हटलं, यावर बोल, हीसुद्धा कलाच आहे. ती नको नको म्हणत होती. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्याकडून तयारी करून घेतली.

तिथेच तिने मला शेवट काय करणार ते सांगितलं. कॅसेटवर आधी सासरे बोलायचे, मग सासू, दीर, नणंदा, पोरं. सुनेची पाळी सगळ्यांत शेवटी, तीही भरल्या घरात, सगळ्यांच्या तोंडासमोर. "सगळं बरं हाय, काळजी करू नका" एवढं म्हणायचं आणि बटण बंद. कधी तोवर टेपच संपलेली असायची.

"त्यांना सांगायचं ते राहिलंच, बाई," ती म्हणाली. "आता ते घरी हायेत, पण दोघंच असलो की माझं तोंड उघडत नाय. माणसांत बोलंन. ते पुढं बसतील, मी माइकवर बोलंन."

काय सांगणार होती ते तिने मलाही सांगितलं नाही. पण कुणाला सांगणार होती ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आता माझं सांगते. त्याच दिवशी सकाळी माझंही भाषण होतं — भाषेच्या सौंदर्यावर. खूप वाचून तयार केलेलं. पहिल्या रांगेत जांभया चालल्या होत्या. मागे दोघीजणी भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या, मला व्यासपीठावरून ऐकू येत होतं. टाळ्या पडल्या, पण संपलं एकदाचं म्हणून पडतात तशा. मी हसून नमस्कार केला आणि पुढच्या वक्त्याची ओळख करून दिली. काय करणार?

दुपारी रझिया उभी राहिली. हातात कागद नाही. हमीदभाई दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. सुरुवातीला अडखळली, मग तिला सूर सापडला. लेकाला घरचं आरवणं ऐकू यावं म्हणून सासू टेपरेकॉर्डरसमोर कोंबडा धरून बसायची आणि कोंबडा नेमका तेव्हाच गप्प — लोक हसून हसून बेजार झाले. मग तिने धाकट्याच्या जन्माचं सांगितलं. त्याचं रडणं भरून पाठवलं होतं. बापाने लेकाला पहिल्यांदा पाहिलं ते कानाने. सभागृह शांत झालं. चहाची वेळ होऊन गेली, कुणी उठेना. मी कडेला उभी राहून बघत होते. माझ्यापुढे ही माणसं अशी कधी बसली होती का?

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द नाही.

रझिया म्हणत होती, "आणि सगळ्यांचं झालं की मग माझी पाळी यायची —"

मी दाराकडे पाहिलं. प्रमोद रस्त्यावरच्या कुणाला तरी हात करत होता. गाडी अजून वडखळलाच आहे हे त्याने मला नुकतंच येऊन सांगितलं होतं. मी तबक उचललं आणि व्यासपीठावर चढले.

रझियाने तबकाकडे पाहिलं. मग हमीदभाईंकडे. "पाहुणे आले वाटतं. मी थांबते," म्हणाली आणि उतरली. इतकी मुकाट्याने उतरली.

पाहुणे आले नव्हते. रिकामं व्यासपीठ बघत आम्ही कितीतरी वेळ बसून राहिलो. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, बाईंना पुरं करू द्या की! तेव्हा तरी तिला परत बोलावता आलं असतं. मी म्हटलं, गाडी येतेच आहे. समितीला सांगितलं, प्रमोदने हात केला, मला वाटलं आली. तो बिचारा म्हणाला, असेल, माझंच चुकलं असेल. अजून त्याची यावरून थट्टा होते. मीही करते.

पुढच्या वर्षी रझियाला पुन्हा विचारलं, तिने हसून नकार दिला. त्यानंतर हमीदभाई गेले.

मी भेटायला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. हळूहळू सगळ्या उठल्या. आम्ही दोघीच उरल्यावर रझिया म्हणाली, "त्या दिवशी रिक्षात विचारीत होते, पुढं काय बोलणार होतीस? मी म्हटलं, काय नाय, तेवढंच होतं. परत त्यांनी विचारलं नाय."

तिचा हात माझ्या हातात होता. सांगता आलं असतं? आलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "त्या प्रमोदने घोटाळा केला गो, नाहीतर —"

"जाऊ दे, बाई," रझिया म्हणाली. "त्याचा काय दोष?" आणि तिने सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.