टेका न घेता

कंडक्टरला सगळे डबलबेल म्हणायचे. दोनदा घंटी वाजली की गाडी निघते, तसं याचं तोंड एकदा सुटलं की थांबायचं नाव नाही. अर्धांगाच्या झटक्याने डावा पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. "नेमकं उलटं व्हायला हवं होतं," बायको म्हणाली आणि पाठ फिरवून तिने डोळे पुसले.

त्याला एकच ध्यास, चालत्या गाडीत पुन्हा उभं राहायचं. आगाराच्या साहेबांनी चौकशीच्या खिडकीत बसायचं काम देऊ केलं होतं.

"त्यापेक्षा मला भंगारात काढा!"

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाई वयाने लेकीएवढ्या, पण कडक. दोन दांड्यांच्या मधे उभं केलं की डबलबेल स्वतःच्या पायावरच खेकसायचा, "ओ डावे! दारात काय उभे राहिलात? आत सरका, मागचे खोळंबलेत!" शेजारी हात उचलायची खटपट करणाऱ्या आजी हसून बेजार.

पाय सरकू लागला, पण तोल काही येईना. एक दिवस बाईंनी पकडलं. "काका, कंबर दांड्याला टेकलीय!"

"टेकली नाही हो, जराशी लागली."

"रोज लागते?"

 सगळी नोकरी त्याने सीटच्या पाठीला कंबर लावून, दोन्ही हात मोकळे ठेवून तिकिटं फाडली होती. ज्या तोलाचा एवढा तोरा, तो निम्मा त्या सीटचाच होता.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता दांड्यांपासून लांब. मी कमरेचा पट्टा धरते आणि धक्का देते. पडतोय वाटलं की काही धरायला बघायचं नाही, पाऊल टाकायचं."

मग खोलीच्या मधोमध धक्के सुरू झाले. तो कोलमडायचा, पट्ट्याला लोंबकळायचा, पायाला शिव्या घालायचा, पुन्हा उभा राहायचा. घरी ओट्यापाशी बायकोचा पहारा.

"टेकलात!"

"कुठे?"

"मी काय आंधळी आहे?"

अखेर बाई त्याला बसमध्ये घेऊन गेल्या. तो मधल्या वाटेत मोकळा उभा राहिला. वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बाईंचा हात पट्ट्यावर आवळायच्या आत डावं पाऊल पुढे पडलं. वाकडं पडलं, पण पडलं! बाईच धपकन सीटवर आदळल्या.

"बाई, तुम्ही बसूनच घ्या."

उतरल्यावर तो थेट साहेबांकडे गेला. "खिडकीत दुसरा माणूस बघा. गाडीवर परत घ्यायला माझी तपासणी कधी करता, ते सांगा." साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. तो उत्तराची वाट बघत उभाच राहिला, टेबलापासून चांगला हातभर लांब.