तुरीतला जाड पट्टा

आमच्या मंडळाचं नाव इतकं लांब आहे की कोणी ते एका दमात घेत नाही. त्यात 'विद्युत' हा शब्द सुरुवातीलाच येतो. त्यामुळे अकोल्याच्या एका सभागृहाच्या मॅनेजरने आम्हा दोघींना विचारलं होतं, "तुमी लाईनवाले आहा काय?"

मी त्याला समजावून सांगितलं. जेलीसारख्या पातळ थरात प्रथिनांचं मिश्रण सोडायचं, त्यातून वीज जाऊ द्यायची. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती जेल निळ्या रंगात ठेवली की जिथे जे प्रथिन थांबलं तिथे एक पट्टा उमटतो. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात आणि ते करणाऱ्या लोकांचं हे मंडळ आहे.

"मंग त्याचं काय करता?" त्याने विचारलं.

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात माझी मैत्रीण म्हणाली, "तुमच्या घरी तूर आहे का? तिले मर काहून लागते, ते पाहून राहिलो आमी."

त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि पोराला चहा सांगितला. मी उभीच होते.

ही मैत्रीण आणि मी अमरावतीत एमएस्सीला एकत्र होतो. ती मूर्तिजापूरकडच्या एका गावातली, घरी काळी जमीन, भाऊ सगळे शेतीत. मी चांदूर रेल्वेची. माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रेघ वाकडी आली तर पान फाडायला लावायचे. पुढे ती अकोल्याला पिकांवरच्या संशोधनात लागली, मी अमरावतीच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. मंडळ काढायची कल्पना माझी होती. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण आता कोणाला विचारलं तर ते तिचं नाव घेतील.

मंडळ म्हणजे फार काही नाही. कॉलेजातले काही शिक्षक, बियाणं तपासणारे दोन-तीन जण, आणि आमचे अध्यक्ष. ते अमरावतीतले जुने पॅथॉलॉजिस्ट. मेळघाटातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे का, हे ते याच पद्धतीने तपासतात. एक बैठक अमरावतीत, पुढची अकोल्यात. सुरुवातीला मंडळाकडे वीज पुरवणारी पेटी एकच होती. ती पिशवीत घालून, मांडीवर घेऊन, बडनेऱ्याहून गाडीत बसायचं. बैठकीत आधी पोहे, मग प्रात्यक्षिक, मग सगळ्यांनी आपापल्या जेलचे फोटो भिंतीवर लावायचे आणि एकमेकांच्या चुका काढायच्या.

माझ्या जेलमध्ये चुका निघायच्या नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात जेलचं द्रावण उष्णतेने ओतेपर्यंत भांड्यातच घट्ट होतं. मी ते बर्फात ठेवायचे, वीज कमी सोडायचे, दिवसभर वाट पाहायचे. माझे पट्टे फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ यायचे. तिला धीर नव्हता. ती वीज वाढवून लवकर मोकळी व्हायची, जेल तापायची आणि पट्टे कडेला वर उचलले जायचे. "ही पाहा, हसून राहिली माही जेल," असं म्हणून ती तोच वाकडा फोटो भिंतीवर लावायची.

आणि लोक तिच्याच फोटोपाशी थांबायचे.

हे सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही, नंतर मात्र दुसरं काही लक्षात येईना. माझ्या फोटोपाशी येऊन लोक म्हणायचे, "वा, काय स्वच्छ आहे." आणि पुढे जायचे. तिच्यापाशी जाऊन विचारायचे, "हे कोणत्या गावचं बियाणं? यात हा पट्टा काहून नाही?" मग घोळका जमायचा. मी पोह्यांच्या बशा गोळा करता करता कान तिकडे द्यायचे. घरी आले की नवरा विचारायचा, कशी झाली बैठक. मी म्हणायचे, छान झाली. आणि कुकरचं झाकण जरा जोरातच लावायचे.

ती तुरीच्या मागे होती. मर रोगाने उभं झाड वाळतं, ते तिने लहानपणापासून बांधावरून पाहिलं होतं. गावोगाव फिरून तिने गावरान तुरीचं बियाणं जमवलं. काही वाणांना मर लागायची, काही त्याच मातीत तग धरायचे. त्यांच्या बियांतली प्रथिनं जेलवर पळवल्यावर तिला दिसलं, की तग धरणाऱ्या वाणांत एका ठरावीक जागी जाड पट्टा येतो. मर लागणाऱ्या वाणांत तो येत नाही. म्हणजे नुसती बी तपासून, पेरण्याआधीच सांगता आलं तर?

मंडळात ही बातमी पसरली आणि वार्षिक सभेचं मुख्य व्याख्यान तिला द्यायचं ठरलं. बाहेरून पाहुणे येणार होते. ठरलं तेव्हा मी हात वर केला, सगळ्यांच्या आधी केला. मग अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, त्यांच्या जेलचे फोटो पाहुण्यांना दाखवण्यासारखे नाहीत. तेच नमुने तुम्ही पळवून द्या. व्याख्यान त्यांचं, जेल तुमची. मंडळाची शान राहील."

सगळे हसले, तीही हसली. "हो बाप्पा, तूच करून दे. मले जमत नाही ते."

तिच्या बोलण्यात जराही आडपडदा नव्हता. मला राग आला तो त्याचाच.

सुट्टीच्या दिवसांत कॉलेज रिकामं होतं. तिने कापडाच्या छोट्या पुरचुंड्यांत तुरी पाठवल्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव शाईने लिहिलेलं. मी त्या दळल्या, गाळल्या, नेहमीपेक्षा लांब जेल ओतली आणि वीज अगदी मंद ठेवली. खिडकीला ओला पडदा लावून मी तिथेच बसून राहिले. नमुन्यात मिसळलेल्या रंगाची निळी रेघ काचेतून खाली उतरत होती. मला वाटत होतं, मी दुसऱ्याच्या लग्नाची रांगोळी काढते आहे.

रंग धुतला गेला आणि पट्टे वर आले तेव्हा मी आधी जाड पट्टा शोधला. तग धरणाऱ्या वाणांत तो होता. मग मी मर लागणाऱ्या वाणांकडे पाहिलं. त्यांतल्या एकात, दर्यापूरकडच्या बियाण्यात, त्याच जागी एक पट्टा होता. फिकट, पण स्पष्ट. तिच्या वाकड्या जेलमध्ये नेमका तो कडेच्या धुरकट भागात लपला असणार.

म्हणजे तिचं म्हणणं चुकलं होतं.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. इतक्या वर्षांत स्वतःच्या कुठल्याही जेलने मला तसा आनंद दिला नव्हता. खात्री करायला मी पुन्हा नव्याने सगळं केलं. पुन्हा तोच पट्टा. बाहेर पडताना मी शिपायाला उगाचच विचारलं, कसे आहात, मुलगी कशी आहे. रिक्षाने न जाता राजकमल चौकापर्यंत चालत गेले, वाटेत घरी न्यायला रबडी घेतली. नवरा म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, काम नीट झालं.

फोनवर सांगता आलं असतं. पण मला तिचा चेहरा पाहायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी अकोल्याला गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. फार गोड नको, फार कोरडंही नको. 'तुला वाईट वाटेल, पण व्याख्यानाआधी कळलं ते बरं झालं.' हे वाक्य मला पसंत पडलं होतं.

ती प्रयोगशाळेत स्टुलावर बसून डबा खात होती. मला पाहून तिने झाकणात ठेचा आणि अर्धी भाकर काढली. "आधी जेव, मंग बोल."

"आधी हे पाहा," मी म्हटलं आणि फोटो तिच्यासमोर ठेवला. "दर्यापूरच्या नमुन्यातही पट्टा आहे. तुला वाईट वाटेल, पण…"

तिने हात पुसले आणि फोटो खिडकीपाशी नेला. माझं वाक्य अर्ध्यातच लटकलं होतं. मी तिची पाठ पाहत होते आणि वाट पाहत होते.

"अवं," ती म्हणाली, "हे दोन आहेत."

"काय दोन?"

"जाड पट्टा. तो एक नाहीच वं. दोन आहेत, चिकटून. पाह्य ना." तिने पेन्सिलचं टोक ठेवलं. "तग धरणाऱ्यांत दोन्ही आहेत, वरचा न खालचा. दर्यापूरच्यात फक्त वरचा आहे. खालचा नाही. म्हणजे कामाचा तो खालचा आहे. आन मी इतके दिवस दोघायले एकच समजून राहिली होती."

मी पाहिलं. जाड पट्ट्याच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ होती. ती जेल मी ओतली होती, मी पळवली होती, भिंगाखाली धरून तिच्याकडे इतका वेळ पाहत बसले होते. पण मला मैत्रिणीची चूक सापडली आणि तिथेच माझी नजर थांबली.

"माह्या जेलमध्ये हे कधीच दिसलं नसतं," ती म्हणाली. ती आनंदाने अक्षरशः लाल झाली होती. तिने मला मिठी मारली, ठेच्याचा वास येणाऱ्या हाताने माझी साडी धरली. "कसं काढलं तू हे? किती थंड ठेवली होती?"

मी तिला सांगितलं. जेलची लांबी, वीज, बर्फ, ओला पडदा. ती लिहून घेत होती. मी भाकरही खाल्ली, पण चव लागली नाही. मी तिला पाडायला आले होते आणि तिला आणखी वर चढवून निघाले होते. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "माहेरून चालल्या काय?" मी हो म्हटलं.

वार्षिक सभा अकोल्यातच झाली. पडद्यावर माझा फोटो आला, भिंतीएवढा, आणि सभागृहात कुजबुज झाली. ती व्याख्यानाच्या सुरुवातीलाच म्हणाली, "मी चुकली होती. माझ्या मैत्रिणीने ते पकडलं." पाहुण्यांसमोर तिने हे अगदी सहज सांगितलं, जसं कोणी सांगावं की छत्री घरी विसरली. आभाराची ओळ शेवटी येईल असं मी धरून चालले होते, तिच्यावर चिडायची तयारीही केली होती. तीही सोय तिने ठेवली नाही.

मग प्रश्न सुरू झाले. एका पाहुण्याने विचारलं, हे दोन पट्टे इतके वेगळे कसे काढले. ती म्हणाली, "ते ती सांगेल," आणि माइक माझ्याकडे पाठवला. मी उभी राहिले. मी उन्हाळ्याचं आणि बर्फाचं सांगितलं, लोकांनी लिहून घेतलं. जेवणाच्या रांगेत अध्यक्ष म्हणाले, जेल ओतण्याची कार्यशाळा मंडळाने घ्यावी आणि ती मी चालवावी. मी ती घेतली. आता दर हिवाळ्यात घेते. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांत रसायनं तपासणारी मंडळीसुद्धा एकदा येऊन बसली होती.

तिच्या लेखावर माझंही नाव लागलं, तिच्यानंतर. ते न्याय्य आहे. तरी छापील पान हातात आलं तेव्हा माझी नजर आधी तिच्या नावावर गेली, मग त्याच्यापुढच्या स्वल्पविरामावर.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तो आता वेगळ्या जागी बसला आहे. तिची व्याख्यानं, तिचे घोळके, याचं फारसं वाटत नाही. वाटतं ते त्या खिडकीपाशी ती "हे दोन आहेत" म्हणाली त्याचं. आपण चुकलो हे कळल्यावर माणूस इतकं खूश होऊ शकतं, पण मला ते जमत नाही. सराव करून येईल अशी ती गोष्ट नाही, निदान मला तरी आलेली नाही.

परवा तिचा फोन आला. "भुईमुगाचे नमुने पाठवून राहिली तुले. मस्त प्रश्न सापडला आहे."

"पाठव," मी म्हटलं. मग न राहवून म्हणाले, "पण कधीतरी प्रश्न मी काढेन आणि जेल तू ओत."

"काढ ना," ती म्हणाली. "तुले कोणी अडवलं?"

कोणीच अडवलेलं नाही. संध्याकाळी बाजारात गेले तेव्हा चिखलदऱ्याकडून आलेल्या एका बाईजवळ कुटकी होती, मेळघाटातलं बारीक भरडधान्य, दोन ढिगांत. मी विचारलं, हे दोन वेगळे का ठेवले. ती म्हणाली, एक लवकर शिजते, एक शिजतच नाही, काहून ते मले नाही माहीत. मी दोन्ही ढिगांतली थोडी थोडी घेतली, वेगवेगळ्या पिशव्यांत. मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही.